तारेवरचा पाचवा बोल्ट

त्याला सगळे जरासे मिस्त्री म्हणत. हे काही आडनाव नव्हे. गंजून जाम झालेला बोल्ट सोडवताना त्याच्या तोंडात एकच शब्द असायचा, ‘जरासं’. पान्यावर जोर टाकणाऱ्याला ‘जरासं’, लोखंड तापवायच्या बत्तीची ज्योत मोठी करणाऱ्याला ‘जरासं’, आणि गाडी कधी मिळेल असं विचारणाऱ्याला ‘जरासं थांबा’. हे जरासं कधी दोन तासांचं असे, कधी दोन आठवड्यांचं. लोक वैतागत, पण गाडी दुसरीकडे नेत नसत. जुन्या मोटरसायकलच्या इंजिनात अडकून बसलेला बोल्ट न तोडता बाहेर काढावा तर जरासे मिस्त्रीनेच, हे त्या भागातल्या सगळ्या गॅरेजवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नसे तो ‘त्यात काय एवढं’ म्हणून पाना लावायचा, आणि आठ दिवसांनी अर्धा बोल्ट इंजिनात ठेवून उरलेला अर्धा मुठीत घेऊन याच्याच दारात उभा राहायचा.

गॅरेज म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. डाव्या हाताला लोखंडी टेबल, त्यावर काम घट्ट पकडून ठेवणारा शेगडा, उजवीकडे पान्यांची फळी, आणि समोरच्या भिंतीवर या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत ताणलेली एक जाड तार. त्या तारेला तुटके बोल्ट टांगलेले होते. नवं गिऱ्हाईक आधी त्या तारेकडे बघायचं आणि मग जरा बिचकूनच मिस्त्रीकडे.

तार मिस्त्रीच्या मामाची. गॅरेज मामानेच काढलं, बहिणीच्या या मुलाला हाताशी धरून त्यानेच शिकवलं, आणि जाताना गॅरेज, हत्यारं आणि तार अशा तिन्ही गोष्टी त्याच्या गळ्यात घालून गेला. मामाचा नियम साधा होता. ज्याच्या हातून बोल्ट तुटेल त्याने तो ज्याची गाडी त्याच्या समोर, स्वतःच्या हाताने तारेला टांगायचा. बोल्टच्या मानेला बारीक तारेचे तीन वेढे द्यायचे आणि तोंडाने म्हणायचं, ‘हा मी तोडला.’ मग पुढचं काम. मामा भारी तापट माणूस होता, पाना फेकून मारायला कमी करत नसे, पण बोल्ट तुटल्याबद्दल त्याने कधी कुणाला शिवी दिली नाही. शिव्या राखून ठेवल्या होत्या त्या लपवणाऱ्यांसाठी.

तारेवर मामाचे एकोणीस होते. मग एक गाठ. मग मिस्त्रीचे, एकतीस वर्षांत अवघे चार. मग पुन्हा गाठ, आणि त्यानंतर त्याच्या लेकीचे अकरा. लेक तिशीची, सहा वर्षं बापाच्या बरोबरीने काम करत होती. एकदा एक गिऱ्हाईक ते अकरा मोजून म्हणालं, “पोरगी बापाच्या पुढे गेली की.” ती पाना न थांबवता म्हणाली, “काका, त्यातले सात पहिल्या वर्षातले आहेत. आणि एक तुमच्याच गाडीचा आहे, तुमच्यासमोर टांगलाय, विसरलात वाटतं.”

आपल्या त्या चारांचा मिस्त्रीला फार अभिमान. तोंडाने कधी बोलायचा नाही, पण तारेवरची धूळ झटकताना त्याचा फडका त्या चारांपाशी उगाच रेंगाळायचा.

आणि पाचवा त्याच्या खिशात होता.

सुरुवात तीन महिन्यांपूर्वी झाली. एका सकाळी उठल्यावर उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर लागली. हात अंगाखाली आला असेल म्हणून त्याने झटकला. मुंग्या आल्या, गेल्या, पण बोटं काही पूर्ण परत आली नाहीत. ती हलत होती, पकडत होती, जोर लावत होती. फक्त काय पकडलंय ते त्याला कळवत नव्हती. नटांच्या डब्यात न बघता हात घालून हवा तो नट काढणारा हा माणूस. आता डबा उजेडात धरून डोळ्यांनी शोधू लागला. लेक बघत असली की चष्मा पुसायचं निमित्त करायचा. घरी आठवड्यात तीन कप फुटले. “साबण लागला होता,” तो बायकोला म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्याला चहा स्टीलच्या पेल्यात मिळू लागला, आणि बरं झालं, तिने जास्त चौकशी केली नाही, असं त्याला वाटलं.

दवाखान्यात जायची त्याची छाती होत नव्हती. गेलं तर कुणीतरी काहीतरी नक्की सांगणार, आणि त्याला नक्की असं काही ऐकायचंच नव्हतं.

आता बोटांचं एवढं काय, असं बाहेरच्याला वाटेल. पण जाम बोल्ट सोडवताना एक क्षण येतो. पान्यावर वजन पडलेलं असतं आणि बोल्ट किंचित हलतो. तो हलतो म्हणजे दोनांपैकी एक झालेलं असतं. गंज सुटून आटे फिरायला लागलेले असतात, नाहीतर आटे तिथेच घट्ट बसून वरचा बोल्ट नुसता पिळत चाललेला असतो. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. सुटणारा बोल्ट बोटांना कोरडा, करकरीत लागतो. तुटणारा बोल्ट मऊ लागतो. तो मऊपणा जाणवला की तिथल्या तिथे थांबायचं, उलटं आवळायचं, पुन्हा तेल, पुन्हा बत्ती, पुन्हा धीर. मिस्त्रीची सगळी कीर्ती त्या एका क्षणात थांबण्याची होती. आणि तो क्षण आता त्याच्या बोटांना कळत नव्हता.

महिन्यापूर्वी दूधवाल्याची गाडी आली होती. इंजिनाच्या झाकणाचा लहानसा बोल्ट, रोजचं काम. लेक लेथवाल्याकडे गेलेली, दूधवाला बाहेर फोनवर बोलत उभा. मिस्त्रीने पाना फिरवला, बोल्ट फिरला, त्याला वाटलं सुटला, आणि पुढच्याच क्षणी पाना सैल होऊन हातात आला. एकतीस वर्षांत हातातला बोल्ट असा न सांगता कधी गेला नव्हता. त्याने दाराकडे पाहिलं, दूधवाल्याची पाठ होती, आणि कळायच्या आत तुटलेलं डोकं त्याने खिशात टाकलं. दूधवाला आत आला तेव्हा मिस्त्री म्हणाला, “हा बोल्ट आधीच तुटलेला होता. कुणीतरी तसाच बुजवून ठेवलाय.”

दूधवाला आधी कोपऱ्यावरच्या गॅरेजात जायचा. तो सरळ तिकडे गेला आणि भर रस्त्यात कोपऱ्यावरच्याला नाही नाही ते बोलला. संध्याकाळी कोपऱ्यावरचा स्वतः मिस्त्रीकडे आला. चाळिशीचा, साधा माणूस. मिस्त्रीला वाटलं, आता हा भांडणार. पण तो दारातच उभा राहून म्हणाला, “मिस्त्री, तुम्ही म्हणालात म्हणजे असेलच. माझ्या हातून कधी झालं, कळत नाही. मला आठवतच नाही.” आणि रोजच्यासारखा नमस्कार करून गेला. त्यानंतर रोज येता-जाता तो नमस्कार करायचा, आणि त्या प्रत्येक नमस्काराला मिस्त्री नजर खाली घालायचा.

तुटका बोल्ट फेकून द्यायला तो दोनदा गटारापर्यंत गेला आणि दोनदा परत आला. मामा असता तर टाळकं फोडलं असतं, हे एक. आणि फेकला की खोटं कायमचं होणार, हे दुसरं. म्हणून बोल्ट खिशातच राहिला. गॅरेजच्या खाकी पँटी त्याला दोन. घरच्या मशीनमध्ये ऑइलचे कपडे टाकायला बायकोची सक्त बंदी, म्हणून सुट्टीच्या दिवशी लेक दोघांचेही कपडे गॅरेजच्या मागे बादलीत सोडा टाकून धुवायची. ही पँट धुण्यात गेली की ती अंगावर यायची, आणि बोल्ट आपला उजव्या खिशात असायचाच. आपणच काढून ठेवत असणार, असं तो धरून चालला होता. हल्ली भीतीपुढे त्याला दुसरं काय ध्यानात राहत होतं?

अशात सिस्टर आल्या.

सिस्टर म्हणजे घरोघरी जाऊन बाळंतपणं करणाऱ्या नर्स. तीस वर्षं त्या एका जड, काळ्या मोटरसायकलवर फिरल्या होत्या, पुढे पेटी, मागे पावसाळी कोट. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नोकरी संपली आणि गाडी घरामागच्या शेडमध्ये नऊ वर्षं उभी राहिली. आता ती टेम्पोतून आणवून त्या म्हणाल्या, “मला कुठे जायचं नाहीये. पण ही चालू झाली पाहिजे. मी चालू आहे ना अजून?”

“होईल,” मिस्त्री म्हणाला. “जरासं थांबावं लागेल.”

“थांबते. पण इंजिन तुम्हीच उघडायचं. आणि शेवटचा बोल्ट निघेल तेव्हा मी समोर बसणार. मला हात बघायला आवडतात.”

तीस वर्षं लोकांच्या नाड्या बघितलेली बाई, ती समोर बसून त्याचा हात बघणार.

इंजिनाचं वरचं हेड चार लांब बोल्टांनी खालच्या ब्लॉकला धरलेलं होतं. तीन बोल्ट तेल पिऊन पिऊन निमूटपणे निघाले. चौथा सायलेन्सरच्या बाजूचा, सगळ्यात जास्त तापलेला, सगळ्यात जास्त गंजलेला. त्याची मान बारीक झाली होती, ते वरूनच दिसत होतं. तो आत तुटला असता तर ड्रिल लावून काढावा लागला असता, आणि ब्लॉक ॲल्युमिनियमचा. पोलादी बोल्टात ड्रिल टिकत नाही, घसरून बाजूच्या मऊ धातूत शिरतं. मग ब्लॉक बाद. गाडी बनवणारी कंपनी लेकीच्या जन्माआधीच बंद पडलेली. तसा ब्लॉक भंगारातही मिळायचा नाही.

मिस्त्रीने तीन आठवडे बोल्टाला डिझेल आणि ऑइल पाजलं. सकाळी पाच थेंब, संध्याकाळी पाच थेंब. पद्धत बरोबरच होती, पण पद्धतीच्या आड तो लपला होता, हे त्याचं त्याला ठाऊक होतं. शेवटी लेक म्हणाली, “बाबा, बोल्टाला अभ्यंगस्नान झालं, मुरवून झालं. आता काय, त्याला शाळेत घालायचंय?”

“जरासं,” मिस्त्री म्हणाला.

“सिस्टरना मी उद्या दहाला बोलावलंय,” लेक म्हणाली आणि हात पुसत बाहेर गेली.

दहाच्या आधीच सिस्टर हजर. घडीचं स्टूल स्वतःचं आणलेलं. टेबलापासून दोन हातांवर बसल्या, चष्मा चढवला. मिस्त्रीने बत्ती पेटवली आणि बोल्टाभोवतीचा ब्लॉक सावकाश तापवला. ॲल्युमिनियम तापलं की पोलादापेक्षा जास्त फुगतं आणि बोल्टाला कणभर जागा होते. मग त्याने मेणबत्तीचा तुकडा बोल्टाच्या मुळाशी टेकवला. मेण वितळून आट्यांच्या फटीत आपोआप ओढलं गेलं. हातोडीने बोल्टाच्या डोक्यावर दहा-बारा हलके ठोके. इथपर्यंत सगळं हाताच्या सवयीने झालं. सिस्टर खूश होऊन बघत होत्या.

मग त्याने रिंग पाना बसवला. आधी आवळायचं, मग सोडायचं, ही मामाची रीत. त्याने केसभर आवळलं. मग उलटा जोर दिला. काही नाही. अजून दिला. पाना हलला.

सुटला की पिळला? अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिघंही गप्प. पाना करंगळीच्या बाजूने घट्ट धरून बघितला, काही कळेना. त्याने जोर काढून घेतला तसा पाना थोडा परत आला. थोडाच. पूर्ण नाही. याचा अर्थ काय, हे कालपर्यंत त्याने झोपेतही सांगितलं असतं. आज त्याच्या कपाळावर घाम आला आणि मानेवरून सदऱ्यात उतरला. अजून एकदा, जरासा जोर, आणि कदाचित निघेलच. कदाचित त्या चारांचे सहा होतील. एक सगळ्यांना माहीत असलेला, एक कुणालाच नाही.

त्याने वर पाहिलं. सिस्टर बोल्टाकडे बघत नव्हत्या. त्या त्याच्या हाताकडे बघत होत्या.

“पाणी घ्या, मिस्त्री,” त्या शांतपणे म्हणाल्या.

आज नको, गार होऊ दे, उद्या बघू, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. तीन आठवडे तो हेच म्हणत होता. पण शब्द भलतेच आले.

“पोरी, इकडे ये. पाना तू धर.”

लेक फळीपाशी उभी होती. “मी? हा?” तिने तारेकडे पाहिलं, आपल्या अकरांकडे. “बाबा, हा माझ्या हातून तुटायचा.”

“तू धर आणि हाताला काय लागतंय ते मला सांगत जा.” तो थांबला. बत्ती फुसफुसत होती. “मला कळत नाहीये. बोटांना काही लागतच नाही.”

लेकीने हात सदऱ्याला पुसले, पुढे आली आणि पाना धरला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मिस्त्रीने पुन्हा बत्ती फिरवली, पुन्हा मेण लावलं, ठोके दिले.

“आवळ जरासं.”

“आवळलं.”

“आता सोड. काय लागतंय?”

“भिंत लागतेय. हलत नाही.”

“धरून ठेव. झटका नको. काय?”

“हलला.” मग तिचा आवाज बारीक झाला. “बाबा, मऊ लागतंय.”

“थांब. आवळ परत. आवळ.” तो तिच्या मनगटाकडे बघत होता. “सोड आता. हात काढ.”

तिने पाना असा सोडला की जणू तो तापलेला होता. मिस्त्रीने खुणेचा खडू घेऊन बोल्टावर आणि हेडवर एक रेघ ओढली, मग पुन्हा बत्ती. या वेळी जास्त वेळ. पुन्हा मेण. आता ठोके त्याने बोल्टावर न मारता कडेने मारले, एकेक, सावकाश. सिस्टरनी घड्याळाकडे पाहिलंही नाही. असं चार वेळा झालं. दोनदा लेक ‘मऊ’ म्हणाली आणि दोनदा ते मागे फिरले. मिस्त्रीला आता एक नवीनच भीती वाटत होती. स्वतःच्या हाताने तोडला असता तर आपलं आपण भोगलं असतं. लेकीच्या हातून तुटला तर आपण तिला आपल्या भीतीपायी पुढे केलं, असं होणार होतं.

“तुटला तरी तो माझाच,” तो म्हणाला. “ऐकतेस ना? सोडायला मी सांगतोय. तारेवर माझ्या बाजूला जाईल.”

“गप्प बसा, बाबा. मला ऐकू द्या.”

पाचव्या वेळी ती म्हणाली, “करकरतंय.”

“कोरडं?”

“कोरडं. वाळूत पाय ओढल्यासारखं.”

“चालू दे. जरासं.”

‘कट’ असा आवाज झाला. मिस्त्रीने डोळे मिटले. हा आवाज सुटण्याचाही असतो आणि तुटण्याचाही. हात टेबलाच्या कडेवर घट्ट होते, त्यांतल्या एकाला कड लागत होती, दुसऱ्याला अर्धीच.

“बाबा,” लेक म्हणाली. “फिरतोय.”

“सगळा सोडू नकोस. अर्धा फेरा सोड, पाव परत आवळ. तेल घाल.” सांगता सांगता तो खाली टेकलाच, टायरच्या ढिगावर. पुढची पंधरा मिनिटं बोल्ट किंचाळत, भुरा गंज ओकत वर येत राहिला, आणि शेवटी लेकीने तो दोन बोटांनी उचलला. लांब, काळा, मानेशी एक पीळ पडलेला, पण सगळाच्या सगळा. ती त्याच्याकडे बघत हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“झक्कास,” सिस्टर स्टुलावरून उठत म्हणाल्या. “माझी एकही केस एवढी अडली नव्हती.” मग तारेकडे हात करून म्हणाल्या, “म्हणजे आज तारेला काही नाही.”

सुटका होती ती. नुसती मान हलवली की झालं असतं. मिस्त्रीने उजवा हात खिशात घातला. बोटांना काही लागलं नाही, म्हणून मुठीत जे येईल ते सगळं बाहेर काढून टेबलावर ठेवलं. रुमाल, खडूचा तुकडा आणि बोल्टाचं तुटकं डोकं.

“आहे,” तो म्हणाला. “दूधवाल्याच्या गाडीचा. तो आधी तुटलेला नव्हता. मी तोडला.”

त्याने बारीक तारेच्या गुंडाळीकडे हात नेला तेव्हा लेक म्हणाली, “आत्ता नाही टांगता यायचा. गाडीवाला समोर पाहिजे.”

तिच्या आवाजात जराही नवल नव्हतं. मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं.

“चारला दूध घालायला इथून जातो तो,” ती पाने गोळा करत म्हणाली. “महिना थांबलात, अजून तीन तास थांबा.”

“महिना झाला, हे तुला...”

“दर धुण्याला मीच काढते ना तो खिशातून. बादलीत टाकला तर गंजेल म्हणून पुसते आणि दुसऱ्या पँटच्या खिशात ठेवते. चार वेळा ठेवलाय.”

एवढे दिवस आपण लपवलं म्हणून मिस्त्री मरत होता, आणि लपवलेली वस्तू लेक दर आठवड्याला पुसून परत देत होती. “मग बोलली का नाहीस?” त्याने विचारलं.

“काय बोलू? मामाआजोबांचा नियम आहे, ज्याने तोडला त्याने टांगायचा.” तिने हातातला पाना फळीला अडकवला. “आणि विचारलं असतं तर तुम्ही ‘हो’ म्हणाला असता. तुमच्या हातून न कळता बोल्ट जातो, हे मला तुमच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मला भीती वाटत होती, बाबा.”

“आईला माहीत आहे?”

“बोल्टाचं नाही. कपांचं माहीत आहे.”

सिस्टर मधेच पुढे आल्या, न विचारता त्याचा उजवा हात हातात घेतला, उलटा केला आणि मनगटावर बोटाने टिचक्या मारल्या. मिस्त्रीने हात झटकन ओढला. बोटांपर्यंत मुंग्या गेल्या होत्या.

“अंगठा आणि ही दोन. करंगळीला सगळं कळतं, बरोबर?” त्या म्हणाल्या. “मनगटात नस दाबली गेली असणार. मी डॉक्टर नाही, डॉक्टरकडे उद्या सकाळी जायचं. तुमच्या लेकीच्या स्कूटरवर. माझी गाडी तर तुम्ही उघडून ठेवलीय.”

“बोटं परत येतील?”

“कधी येतात, कधी नाही. तुम्ही तीन महिने वाया घालवलेत, ते मात्र परत येणार नाहीत.” सिस्टर गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. मिस्त्रीला ते बरंही वाटलं आणि त्याची भीतीही वाटली.

चारला पाच मिनिटं कमी असताना तो उठला आणि कोपऱ्याकडे चालू लागला. साठ-सत्तर पावलांचा रस्ता. या रस्त्याने तो रोज जायचा. आज मधे दोनदा परत फिरावंसं वाटलं. कोपऱ्यावरचा चाक उघडून बसला होता. मिस्त्रीला पाहून त्याने नेहमीसारखा नमस्कार केला.

“जरासं येता का?” मिस्त्री म्हणाला. “काम आहे. तुमच्यासमोर करायचंय.”

दोघं आले तेव्हा दूधवाला गाडीला कॅन अडकवलेलेच ठेवून दारात उभा होता. लेकीने त्याला थांबवून घेतलं होतं, का ते सांगितलं नव्हतं. कोपऱ्यावरच्याला पाहून त्याने तोंड फिरवलं. मिस्त्री तारेपाशी गेला. डाव्या हातात बोल्टाचं डोकं, उजव्यात बारीक तार.

पहिला वेढा घालताना तार बोटांतून निसटून खाली पडली. त्याने ती उचलली. पुन्हा पडली. तिसऱ्या खेपेला त्याने बोटांवरचा भरवसाच सोडला, हात डोळ्यांसमोर धरला आणि नुसतं बघून बघून, तार अंगठ्याने ढकलत, एक वेढा बसवला. दुसऱ्याला बोल्ट पडला आणि टेबलाखाली गेला. दूधवाला उचलायला वाकला तर लेक म्हणाली, “नको. त्यांनाच करायचंय.” मिस्त्री गुडघ्यांवर बसून टेबलाखाली चाचपडला. सगळे बघत होते. एकतीस वर्षं ज्या हाताकडे लोक कौतुकाने बघत आले, तोच हात आज सगळ्यांसमोर एक तार बांधू शकत नव्हता. त्याचे कान तापले होते. पण हात थांबवला नाही. तीन वेढे झाले, तार तारेला अडकली, बोल्ट लोंबला. पहिल्या गाठीनंतर पाच.

“हा मी तोडला,” तो म्हणाला. मग दूधवाल्याकडे वळून, “तुमच्या गाडीचा. माझ्या हातून तुटला आणि मी खोटं बोललो. यांनी त्याला हातसुद्धा लावला नव्हता.”

दूधवाला तारेकडे बघत राहिला. रागवायचं की काय करायचं हे त्याला ठरवता येईना. एवढा वेळ तो खटाटोप बघून त्याच्यातला राग निम्मा गळाला होता. तो कोपऱ्यावरच्याला म्हणाला, “मी रस्त्यात फार बोललो तुम्हाला.”

कोपऱ्यावरच्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो मिस्त्रीच्या बोटांकडे बघत होता. मग त्याने आपले दोन्ही हात पुढे करून उलटेसुलटे केले, काळपट, ऑइल मुरलेले.

“मिस्त्री, तुम्ही म्हणालात म्हणून मी महिनाभर माझेच हात तपासत होतो,” तो म्हणाला. “प्रत्येक बोल्टाला भीत होतो. दोन गाड्या तर न उघडताच परत पाठवल्या. मला वाटलं, माझा हात गेला.”

मिस्त्रीने हात जोडले, आणि जोडताना उजव्या हाताची तीन बोटं डाव्याला टेकली की नाही हेही त्याला कळलं नाही. मग लेकीने पुढे केलेला चहाचा पेला कोपऱ्यावरच्याने घेतला आणि टायरच्या ढिगावर मिस्त्रीच्या शेजारी बसला.